मी नसताना घर चालतं का

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. गुडघे कसे आहेत? (तेल लावतेस ना, की बाटलीकडे नुसती बघतेस?) हे गेल्यापासून इथे आम्ही तिघंच, देवाच्या कृपेने धडधाकट. कागद चिरंजीवांनी टाकून दिलेले आहेत, मागून कोरे होते. पुढे छापलंय ते वाचू नकोस, मलाही कळलेलं नाही.

चिरंजीव सॉफ्टवेअर तपासतात हे तुला ठाऊक आहेच. पॅकेज म्हणजे मुख्य कामाचा जिन्नस, आणि त्याला हवे तर जोडायचे काही ऐच्छिक भाग. गिऱ्हाईक ते जोडो न जोडो, मुख्य काम अडता कामा नये. म्हणून ते भाग काढूनही तपासायचं. याने तपासलं, झकास चाललं, आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन मेल्यासारखं पडलं. का, तर आलेख काढायचा भाग याच्या मशीनवर आधीपासूनच कुठेतरी बसलेला, गिऱ्हाइकाकडे तो नव्हताच. काढलाय असं समजून हा खुशाल! साहेबांनी चांगलीच हजेरी घेतली. आता रोज कोऱ्या मशीनवर तपासतो आणि जेवताना मला समजावतो (सूनबाई ऐकत नाही, तिला स्वतःचं ऑफिस आहे).

तर त्याची बदली झाली आहे, पुढच्या महिन्यात. परवा दोघं बाहेरच्या खोलीत बोलत होती. सूनबाईने विचारलं, "आईंचं काय?" तो म्हणाला, "ऐच्छिक ठेवू. आली तर आनंदच, नाही आली तरी आपलं अडणार नाही." किती प्रेमाने म्हणाला गं! माझ्या हातातलं ताट पुसायचं तसंच राहिलं.

मग म्हटलं, आपणही तपासून पाहावं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. (खोटं बोलणार हे देवाला आधीच सांगून ठेवलं होतं.) घर घड्याळासारखं चाललं. डबे गेले, कपडे वाळले, दूधसुद्धा उतू गेलं नाही. संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "बघा, तुम्ही उगाच दगदग करता." मी डोळ्यांना पदर लावला, तिने बिचारीने बाम आणून दिला.

शेवटी न राहवून चिरंजीवांना सांगितलं. पोट धरून हसला. "अगं आई, भाजी कुणी चिरली होती? डबे कुणी भरले? शर्टांना इस्त्री?" खरंच गं, पडण्याआधी उठून मीच सगळं उरकलं होतं, पोरं उपाशी जातील या धास्तीने. "तुझी चाचणी बाद! मशीन कोरं कुठे होतं?" म्हणजे चूक अगदी त्याचीच. खाण तशी माती.

तो हसला म्हणून मीही हसले. पण नेणार का, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तुझी धाकटी

ता. क. : तुला बरं नाही, आईला लगेच पाठव, असं त्याला कळव. (गुडघे आहेतच, अगदीच खोटं नाही.) या खेपेला काही न चिरता, न भरता निघेन.

आणखी ता. क. : मी तिथे असताना त्यांचा फोन आला नाही, तर तू आपणहून करून "आईवाचून अडतंय का" असं विचारू नकोस. "हो" म्हणतील, मुलं चांगली आहेत. जाता-येताचं तिकीट एकदम काढलं की स्वस्त पडतं, असं मी जन्मभर तुझ्या कानीकपाळी ओरडत आले. या वेळी फक्त तुझ्याकडे यायचंच काढते.