केळीच्या चिकाची ब्रेकिंग न्यूज

बुरहानपूर
रविवार, जेवणं झाल्यावर

ती. वामनमामांना सायलीचा वाकून नमस्कार.

मामा, गुडघा कसा आहे? मामीची शुगर आटोक्यात आहे ना? निलेशदादाच्या नाशिकच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का, की अजून चार मजले तुम्हीच चढता? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायचं असतं असं मम्मी म्हणाली, म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली येतंच आहे. तुम्हाला वाटेल ह्या पोरीला एकदम कागद-पेन कसं सुचलं. पण दुसरा रस्ता तुम्ही ठेवलाच कुठे? व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंत, फोन उचलत नाही, आणि 'आपला गोतावळा' ग्रुपमधून काढलंत. कबूल, मी ग्रुपवर तुम्हाला अकरा पॅराग्राफ इंग्लिशमध्ये सुनावले होते. (काय करू मामा, मला राग इंग्लिशमध्येच येतो. शाळेत इंग्लिश, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त ताटावर बसल्यावर. हे पत्र मम्मीने दोनदा तपासलंय. तरी चुका असतील तर लाल पेनने गोल करा, तुम्हाला सवय आहे.) पण त्या टोळीचा तो व्हिडिओ 'सावध रहा, पुढे पाठवा' लिहून, वर दोन हात जोडून, सगळ्यात पहिले आपल्या ग्रुपवर तुम्हीच टाकला होता. आणि तो शूट केला होता मी. म्हणजे त्या लोकांना आपण मामा-भाची दोघं मिळूनच निपटवलं समजा.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीतच आहे की फायनल इयरला इंटर्नशिप लागते, आणि मला पत्रकार व्हायचंय. म्हणून मी इथल्या 'ताप्ती तेज' नावाच्या यूट्यूब चॅनलवर लागले. चॅनल म्हणजे एक खोली, दोन माईक, मागे आगीच्या ज्वाळांचा फ्लेक्स, आणि धर्मेंद्र सर. मी पहिल्याच दिवशी त्यांना सात स्टोरी आयडिया दिल्या. ते म्हणाले, "वाह बेटा, बहुत बढिया," आणि मला नगरपालिकेच्या तुंबलेल्या नालीवर पाठवलं. दोन महिने नाल्या केल्यावर मी म्हटलं, सर, एक तरी सुंदर गोष्ट करू द्या. सकाळी केळी कशी कापतात ते दाखवते. जिल्हा केळीवर जगतो नि जिल्ह्यातल्या पोरांना घड खाली कसा उतरवतात ते माहीत नाही. सर म्हणाले, कर.

तर एका रविवारी मी दापोऱ्याला लोटूकाकांच्या शेतात गेले. (पप्पांचे चुलतभाऊ. माझ्या बारशाला केळीचा अख्खा घड घेऊन आले होते ते.) त्यांच्याकडे नऊ वर्षांपासून कापणीला एकच टोळी येते, डोईफोडियाकडची, कोरकू आदिवासींची. अकरा जण बांधावरून येत होते, हातात विळे, खांद्यावर घड ठेवायला गोणपाटाची घडी, मागून कोवळं ऊन. मी धावत-धावत उलटं चालत शूट केलं, दोनदा पाटात पडले, पण चाळीस सेकंद असे आले मामा, की मी स्वतःच स्वतःला टाळी दिली. टोळीत रामकली पण होती. रामकली कास्देकर माझी मैत्रीण. आम्ही लायब्ररीत एकाच पंख्याखाली बसण्यावरून भांडलो होतो, तेव्हापासूनची. ती इथे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या हाताखाली टोळीत जाते.

सरांनी ते चाळीस सेकंद बघितले. म्हणाले, "बेटा, केला कौन देखता है? डर सब देखते हैं." मला वाटलं काहीतरी फिलॉसॉफी सांगतायत, म्हणून मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. संध्याकाळी बघते तर काय! केळीची झाडं कापून टाकलेली (म्हणजे फ्रेममधून), चाल स्लो केलेली, मागे भुताच्या सिरियलचं म्युझिक, कपड्यांवरच्या डागांना लाल गोल, आणि वर मथळा: 'सरहद पार से आई टोली? कपड़ों पर ये धब्बे किसके?' मी रडले, ओरडले. सर अगदी शांतपणे म्हणाले, "हमने कुछ कहा क्या? हमने तो पूछा है." मथळ्यात प्रश्नचिन्ह होतं ना. मामा, मला दोन महिन्यांत पत्रकारितेचं एवढंच कळलं, की प्रश्नचिन्ह लावलं की कोणाचंही काहीही करता येतं.

आता तुम्ही एकतीस वर्षं भूगोल शिकवला. डोईफोडिया आपल्याच जिल्ह्यात आहे. जवळ एकच सरहद आहे, महाराष्ट्राची, ती आपण पापड, लग्नं आणि दाढदुखीसाठी महिन्यातून दोनदा ओलांडतो. तुम्ही स्वतः ती ओलांडून नाशिकला राहता. आणि ते डाग! मामा, केळीच्या चिकाचा डाग बुरहानपूरच्या माणसाला ओळखू येऊ नये? आपल्याकडे पोराच्या पहिल्या शर्टावर पहिला डाग चिकाचाच पडतो. काळा-तांबूस, कशानेच न निघणारा. तुमच्या लग्नातल्या सफारीवर पण आहे, मामीने अजून माफ केलेला नाही. सव्वादोन लाख लोकांनी तो व्हिडिओ बघितला, त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर बघतानाच तो डाग असेल, आणि सगळे कमेंट करतात, 'खून है भाई, साफ दिख रहा है.'

मला वाटलं, निदान लोटूकाका तरी हसतील. शेत त्यांचं, टोळी त्यांची. मी दुसऱ्या दिवशी पळत गेले. काका ओट्यावर बनियनमध्ये बसून मोबाईल डोळ्याला लावून तोच व्हिडिओ बघत होते. म्हणाले, "बाप रे सायली, हे तं रगत हाय ना वं!" मी म्हटलं, काका, हे तुमचंच शेत आहे, तो बघा बुधिया (म्हणजे रामकलीचे वडील), नऊ वर्षं तुमच्याकडे येतो. ते म्हणाले, "व्हय, दिसते तं बुधियाच. पण टीव्हीत येल हाय म्हंजे कायतरी असंल ना." (मोबाईललाही ते टीव्हीच म्हणतात.) तेवढ्यात धुरपदाकाकू सूप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बनेलवर काय हाय मंग? मी रोज घासते ते कोनाचं रगत हाय?" काकांनी मान खाली घालून पोटावरचा डाग नीट बघितला. बोटाने चोळला. मग म्हणाले, "हा आपला चीक हाय. त्यायचं काय सांगता येते?"

मी ह्या वाक्यावर अजून अडकलेली आहे, मामा. इंग्लिशमध्ये मी ह्या विषयावर दोन असाइनमेंट लिहिल्यात, फुटनोट लावून. एकातही एवढं साफ आलं नव्हतं.

मग गावाने नाक्यावर पोरं बसवली आणि टोळी परत पाठवली. सहा दिवस. पण केळी काही यूट्यूब बघत नाही, ती पिकायला लागली. व्यापाऱ्याचा ट्रक येऊन रिकामा गेला. सातव्या दिवशी लोटूकाकांनी स्वतः फोन करून टोळीला बोलावलं, फक्त अट घातली की विळे आणायचे नाहीत. आता बिनविळ्याचा घड कसा उतरवणार, दातांनी? म्हणून काकांनी बाजारातून अकरा नवे, धार लावलेले विळे आणून त्यांना वाटले. म्हणजे ज्यांच्या हातातल्या हत्याराला गाव घाबरलं, त्यांना आता गावानेच चांगलं हत्यार दिलंय, आणि आता कोणालाच भीती वाटत नाही. केळी कापून झाली.

पण रामकलीची खोली गेली ती गेलीच. ती आमच्या गल्लीतच राहायची, प्रतिभाकाकूंकडे वरच्या खोलीत. पावणेतीन वर्षं. काकूंच्या मिस्टरांना रोज सकाळी इन्सुलिन रामकली द्यायची. दुसरं कोणी टोचलं की काका ओरडायचे, 'हिचा हात हलका आहे' म्हणून. व्हिडिओ आल्यावर काकूंनी आधी विळी आणि सुऱ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, भाजी दोन दिवस हाताने तोडली, आणि तिसऱ्या दिवशी तिला म्हणाल्या, "बेटा, रूम को पेंट करवाना है." ती म्हणाली, मी दोन दिवस मैत्रिणीकडे झोपते. काकू म्हणाल्या, पेंटला वेळ लागेल. किती? तर म्हणे चांगला पेंट आहे. तिच्या हातातली सुई पावणेतीन वर्षं चालली हो, विळा एका रात्रीत चालेना झाला. आणि कहर म्हणजे चौथ्या दिवशी काकूंचा तिला फोन, "आज इंजेक्शन देने नहीं आई?" (ती गेली होती, मामा. दारातूनच देऊन आली. मी असते तर नसते गेले. म्हणून ती नर्स होणार आहे आणि मी काय होणार माहीत नाही.)

मग मी सुधारायला निघाले. चॅनल सोडलं आणि स्वतःचं पेज काढलं. ठरवलं, खरी बाजू दाखवायची, पॉझिटिव्ह. रामकलीला म्हटलं, ये, तुझा व्हिडिओ करते. ती ड्यूटीवरून सरळ आली, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, खिशाला पेन, कपाळावर घाम. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, अगं ह्यात तू आदिवासी वाटतच नाहीस. मी तिला भाड्याची साडी नेसवली, मण्यांची माळ घातली, मागे ढोल लावला, साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितली, आणि शेवटी टाकलं, 'जंगल के भोले लोग.' ती माझ्याकडे फक्त बघत होती. मला वाटलं लाजतेय. व्हिडिओ दोनशे बारा लोकांनी पाहिला, आणि सगळ्यांना आवडला! कमेंट काय छान-छान, 'कितने सच्चे लोग', 'इनको शहर की हवा न लगे.' आणि खरंच मामा, शहराची हवा लागू नये म्हणून लोकांनी फार काळजी घेतली. मी तिच्यासाठी पाच घरं फिरले. एका बाईने जुनी ब्लँकेटं देऊ केली. एका वकिलांनी तिच्यासोबत सेल्फी काढला. एक म्हणाले, 'ह्या लोकांना मोकळ्या हवेची सवय असते, बंद खोलीत घुसमटतील बिचारे.' खोली कोणीच दिली नाही. पहिल्या व्हिडिओने लोक तिला घाबरले नि माझ्या व्हिडिओने तिला कुरवाळायला लागले, पण किल्ली द्यायला दोन्ही वेळा तयार नव्हते. धर्मेंद्र सरांनी निदान प्रश्नचिन्ह तरी लावलं होतं. मी तेही लावलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुमच्या घरी का नाही ठेवत? मी पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, "मला काही प्रॉब्लेम नाही, पण घरात जागा कुठेय?" आमच्या मागच्या खोलीत ट्रेडमिल आहे, त्याच्यावर मम्मी वड्या वाळवते. वड्यांना जागा आहे.

आता ती रोज डोईफोडियाहून येऊन-जाऊन करते. पहिली बस इथे सव्वानऊला पोचते आणि हॉस्पिटलची ड्यूटी आठला सुरू होते. उशिराच्या हजेऱ्या वाढत चालल्यात. अजून दहा वेळा उशीर झाला की परीक्षेला बसू देणार नाहीत, कॉलेजने लिहून दिलंय. परीक्षा पुढच्या महिन्यात चौदा तारखेपासून आहे. 'ताप्ती तेज'ने मात्र खुलासा दिला बरं का. एका चहाच्या जाहिरातीखालून पट्टी गेली, एवढ्या जोरात की मी तिसऱ्यांदा पॉज करून वाचली. त्यातही प्रश्नचिन्ह होतं.

असो. मामीला नमस्कार, दादा-वहिनीला आठवण. गुडघ्याला तिळाचं तेल लावा.

तुमची (ग्रुपबाहेरची)
सायली

ता. क. : तुमचं इथलं, बुरहानपूरच्या लालबागमधलं घर दोन वर्षांपासून बंद आहे आणि किल्ली शेजारच्या रमेशभाऊंकडे आहे. हॉस्पिटल तिथून चालत वीस मिनिटं. पुढची बाजू नकोच, मागची एक खोली, परीक्षा होईपर्यंत, म्हणजे दीड महिना. सगळं पत्र ह्याच्यासाठीच लिहिलं, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

ता. क. २ : मामीला सगळं सांगत बसू नका. फक्त 'कास्देकर' म्हणा. ऐकायला रत्नागिरीकडचं वाटतं. मामी खूश होतील.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालायच्या आधी रामकलीला दाखवलं. तिने दुसरा ता. क. वाचला आणि माझ्या हातून पेन घेऊन त्यावर काट मारली. (तरी तुम्हाला वाचता येईलच.) म्हणाली, "तू पण तुझ्या सरांसारखं कापायला लागलीस का?" मी म्हटलं, अगं खोली मिळेल. ती म्हणाली, "मिळेल. मग पंधरा तारखेला तुझ्या मामीला कळेल, आणि दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी मी सामान घेऊन कुठे जाऊ? जे आहे ते आत्ताच सांग." म्हणून ती सांगते तसं लिहिते: रामकली बुधिया कास्देकर, कोरकू, गाव डोईफोडियाच्या पुढे. वडील केळी कापतात, विळ्याने. तीही कापते. घरी मटण शिजवेल, वास येईल. नाही म्हणायचं असेल तर मला अनब्लॉक करून सोमवारपर्यंत (उद्याच्या नव्हे, त्याच्या पुढच्या) नाही म्हणा. तिला दुसरीकडे बघायला चार दिवस लागतात.