मानाची पिकअप

उत्रोली, ता. भोर
यात्रेच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी धाकट्या नूतनचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर कशी आहे? (त्यांना विचारू नका, त्या खोटं सांगतील. स्वयंपाकघरातले डबे उघडून बघा.) मी ठणठणीत आहे. पत्र अशासाठी लिहिते आहे, की फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि माझं वाक्य अर्धं राहतं. पत्रात तुम्हाला ती सोय नाही. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "नूतन, तो डबा भंगारात दे आणि आता स्वस्थ बस." तुम्ही वडीलधारे, म्हणून मी तेव्हा फोन हळूच ठेवला. आज उत्तर देते.

ज्याला तुम्ही डबा म्हणालात ती ह्यांची पिकअप आहे. आमच्या भैरवनाथाची पालखी गावात खांद्यावर फिरते, पण डोंगरावरच्या ठाण्याचा चढ याच गाडीतून चढते. तो मान ह्यांनी मिळवला आणि ह्यांच्यामागे मी सांभाळला. गेल्या वर्षी गाडी दुसऱ्या वळणावर थांबली, हे खरं. नुसती थांबली असती तर देवाने समजून घेतलं असतं, पण ती मागे यायला लागली. ढोलवाल्यांनी ढोल उतरवून खांदा लावला. (ढोलाशिवाय वर पोचलेला देव मी पहिल्यांदाच पाहिला. रागावलेला दिसत होता.)

यंदा यात्रा कमिटीच्या बैठकीत सर्जेराव उठला. याचं शिवऱ्याला हायवेवर हॉटेल आहे आणि नवी कोरी पिकअप आहे. भर बैठकीत म्हणतो, "मेट्रनबाई, तुमची गाडी आता देव्हाऱ्यात ठिवा, हळदकुंकू वाहू तिला. पालखी म्या नेतो." सगळे हसले. लहानपणी ज्यांची चड्डी खाली ओढून मी इंजेक्शनं दिली, तेही हसले! कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, की सभ्य स्त्री हसणाऱ्यांना उत्तर देत नाही. सिस्टर आमच्या कमिटीच्या बैठकीला कधी आल्या नव्हत्या. मी म्हटलं, ज्याच्या गाडीत दम असेल त्याने पालखी न्यावी, लावा शर्यत. कमिटीचे अध्यक्ष गेनबा हेच बैलगाड्यांच्या शर्यतीत झेंडा टाकतात. त्यांनी ठरवलं, की रविवारी बैलगाड्या पळून झाल्या की त्याच मैदानात दोन्ही पिकअप पळतील. जी आधी पलीकडची रेषा ओलांडेल, तिच्यात पालखी.

म्हणून मी गाडी हायवेवरच्या स्वरूपच्या गॅरेजमध्ये घातली. हा स्वरूप मोबाईलवर परदेशातल्या जुन्या पिकअपच्या शर्यती बघतो आणि त्यालाच शिक्षण म्हणतो. (तसं असतं तर मी केव्हाच सर्जन झाले असते.) आधी मी त्याची नखं तपासली, मग गाडी उघडू दिली. त्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा टर्बो काढून बसवला, मागे रुंद टायर घातले आणि सायलेन्सरच्या जागी सरळ नळकांडं लावलं. त्या आवाजाने आपल्या म्हशीचं दूध आटलं, असा आमच्या बचत गटातल्या बनाबाईंचा आरोप आहे. (त्यांची म्हैस आधीही काही देत नव्हती.) पुढे म्हणाला, "मॅडम, इंजिनाला मोकळा श्वास पाहिजे." सगळ्या गाडीशास्त्रात मला हे एकच वाक्य कळलं, म्हणून मी होकार दिला. त्याने बोनेटला भोक पाडून वर हवा आत ओढणारा भोंगा बसवला आणि भोंग्याच्या तोंडाला खडे अडवायला जाळी लावली. मग वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी, मागचा फाळका, टपावरचा कॅरिअर, सगळं उतरवलं.

शनिवारी मैदानात चालवून पाहिली. मागून गाडी इतकी हलकी झाली होती, की चाकं जागच्या जागी फिरली आणि विहीर खणायला घेतल्यासारखी माती उडाली. स्वरूप डोकं खाजवून म्हणाला, मागच्या चाकांवर वजन पाहिजे. म्हणजे काढलेलं परत घाला! पण धोंडाबाई तिथेच उभ्या होत्या. आमच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष आणि स्वभावाने माझ्याहून वाईट. त्या म्हणाल्या, "वजनच पायजे ना? मंग आमी कशाला हाय?" रविवारी अख्खा बचत गट मागे चढला. कुणाचं वजन किती, ते मी लिहिणार नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

सर्जेराव शेजारच्या गाडीतून ओरडला, "ओझं उतरवा, न्हाईतर बैल जुपा!" मी काच वर केली. गेनबांनी झेंडा टाकला. सर्जेरावाची गाडी नवी, ताकदवान आणि मागून रिकामी. ती जागेवरच फिरफिरून खड्ड्यात बसली. आणि आमची, अण्णा, आमची सुटली! माझी मान सीटला चिकटली, मागे बायकांनी भैरवनाथाच्या नावाने असं चांगभलं केलं, की बांधलेले बैल उठून उभे राहिले. हे इथवर फार छान होतं. पण आमच्या मैदानात पुढे निघालेल्या गाडीवर गुलाल टाकायची रीत आहे. दोन्ही बाजूंनी लोकांनी मुठी रिकाम्या केल्या, आणि मोकळा श्वास घेणाऱ्या त्या भोंग्याने सगळा गुलाल आत ओढला. नळकांड्यातून गुलाबी धूर निघाला. इंजिन दमेकऱ्यासारखं खोकलं आणि रेषेच्या अलीकडे गप्प झालं.

मागे सर्जेरावाची माणसं त्याच्या गाडीत दगड भरत होती. धोंडाबाईंनी ते पाहिलं आणि उडी मारली. "उतरा गं, लावा हात!" मी स्टिअरिंग धरलं, बायकांनी ढकललं आणि आम्ही रेषा ओलांडली.

सर्जेराव धावत आला. "ढकलून नेली! ही काय शर्यत हाय व्हय?"

मी उतरले. वॉर्डात वापरायचे त्या आवाजात गेनबांना विचारलं, या मैदानात आजवर कुठली गाडी आपणहून पळाली? दर वेळी बैलच ओढतात ना? माझी बायकांनी ढकलली. बैल पुढून जुंपतात, या मागून जुंपल्या, एवढाच फरक. (बैलांशी तुलना केली म्हणून धोंडाबाई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत.) गेनबांनी बैलांकडे पाहिलं. मग ढकलणाऱ्यांत कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बनाबाईंकडे पाहिलं. त्या गेनबांच्या पत्नी. निकाल लगेच लागला.

तेव्हा मान आपल्याच घरात आहे. यापुढे तिला डबा म्हणू नये, ही विनंती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
नूतन

ता. क. गाडी चालू होत नाही. स्वरूप म्हणतो, गुलाल फार आत गेला आहे. पालखी गुरुवारी आहे, म्हणून हे पत्र टपालाने नाही, एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. तुमची ती उंच मोठी गाडी घेऊन बुधवारीच या आणि येताना जाड दोर आणा. दोराला झेंडूच्या माळा गुंडाळू, म्हणजे तो सजावटीत जाईल. सर्जेराव आज सकाळी दारात येऊन "म्या वढतो की" म्हणाला, पण त्यापेक्षा मी स्वतःला जुंपून घेईन. नियमाची काळजी नको. ओढलेली गाडीही गाडीच असते, असा कमिटीचा निकाल आता आहेच.

ता. क. चढाला तुमच्याही मागच्या चाकांवर वजन लागेल. वहिनींना मागच्या सीटवर बसवा. (हे त्यांना वाचून दाखवू नका.)

ता. क. तुमच्या त्या भंगारवाल्याचा नंबर पाठवा. हुरळून जाऊ नका, मी विकत नाहीये. त्याच्याकडे याच जातीची एखादी गाडी आली असेल, तर तिचं इंजिन मला हवं आहे. पुढच्या वर्षी सर्जेराव मागे दगड भरूनच येणार आहे.