उजवा दिवा एचआयडी

३ नोव्हेंबर, सकाळ
गाडी थकली. संध्याकाळी तिचे दिवे नुसते मिणमिणतात. काल वळणावर फुटपाथच दिसला नाही, चाक वर चढलं. ही म्हणाली, आजपासून अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. त्यापेक्षा जावयांना देऊन टाका. देऊन टाका! लेकीला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं ती गाडी! सबंध रस्ताभर आम्ही दोघं कविता म्हणत गेलो होतो.
संकल्प: एचआयडी हेडलाइट्स, म्हणजे साध्या बल्बच्या तिप्पट उजेड. स्वतः बसवणार. शनिवारी संध्याकाळी लेक स्टेशनवर उतरेल, तिला मीच आणणार. मग बघू कोण कुणाला गाडी देतं.

५ नोव्हेंबर
किट आलं. दोन बल्ब, ते पेटवणारे दोन डबे (त्यांना बॅलास्ट म्हणतात) आणि वायरींचं जंजाळ. माहितीपत्रकात लिहिलंय, काळी बॉडीला, निळी जुन्या सॉकेटला. कंपनीने दोन्ही काळ्याच पाठवल्या. ही म्हणाली, अहो, एक चांगली निळीशार आहे. हिला रंगांतलं काय कळतं? आपली साईच्या रंगाची गाडीसुद्धा ही पांढरी म्हणते.

६ नोव्हेंबर
फ्यूज उडाला. दुसरा घातला. तोही उडाला. त्या कारखान्यातल्या लोकांना शाळेत कुणी कविता शिकवल्या नसाव्यात. निळ्या-काळ्यातला फरक कवितेतूनच कळतो.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
पेटला! उजवा पेटला! आधी निळसर थरथरला, मग असा काही फुलला की गॅरेजात चांदणंच उतरलं. मी मोठ्याने कविता म्हटली. स्वतःचीच, तिथल्या तिथे सुचलेली. वरच्या मजल्यावरचे वकील खिडकीतून ओरडले, काका, भिंत जाळताय की काय!
दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडीही दिसली. हल्ली मला सगळ्याच दिव्यांभोवती दिसते. कविमन म्हटलं की दृष्टी अशीच होते.
डावा बॅलास्ट पायाखाली येऊन फुटला. मूर्खांनी तो जमिनीच्याच रंगाचा केलाय. असू दे. डावीकडे जुना बल्ब राहील. सूर्य तरी कुठे दोन असतात?

८ नोव्हेंबर, शनिवार
निघालो. ही शेजारी, पदर घट्ट धरून. काय थाट! समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मिचकावून मानवंदना देत होता. एकाने तर काच खाली करून अभिनंदनही केलं. शब्द नीट कळले नाहीत, पण भावना तीव्र होती.
कोपऱ्यावर एक लाल कोटवाला गृहस्थ रस्त्याला अगदी लागून उभा. हॉर्न दिला, ढिम्म हलेना. उतरलो. नागरिकशास्त्राचा अख्खा धडा ऐकवला, वर वयाचा मान राखून नमस्कारही केला. परत आलो तर ही शांतपणे म्हणाली, झालं बोलून? आता घरी चला, पोस्टाच्या पेटीला उशीर होतोय.
लेक टॅक्सीने आली.

१० नोव्हेंबर
लेकीने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. त्या कड्यांबद्दल मी मुद्दाम विचारलं. तोही मोतीबिंदूच. बाईंना साहित्याची आवड दिसत नाही.

१४ डिसेंबर
दोन्ही ऑपरेशनं झाली. आज गॅरेजात जाऊन दिवे लावले. उजव्याचा झोत भिंतीवरून असा अंगावर आला की मीच डोळे मिटून बाहेर पळालो. वकील खिडकीतून हसले. डाव्या, जुन्या बल्बच्या उजेडात मात्र वायर दिसली. निळीशार. गाडीही दिसली. पांढरी.
एचआयडी काढून खोक्यात भरला.

१६ डिसेंबर
गाडी जावयांकडे जाणार नाही! म्हटलं होतं ना मी! ही ड्रायव्हिंग शिकतेय. किल्ली हिच्याकडे. मी शेजारी बसून मार्गदर्शन करतो. आज म्हटलं, जरा जपून, पुढे पोस्टाची पेटी आहे. म्हणाली, तुम्ही कविता म्हणा. मला दिसतंय.