दहा नंबरच्या सुया

९ नोव्हेंबर
स्वेटरच्या पाठीचे चौदा इंच झाले आणि अंगठा धरला. डावा, अगदी बुडाशी. स्टीलच्या सुया सकाळी इतक्या गार की धरवत नाहीत. उन्हात बसावं तर टाके घसरून पळतात. आज तीन गळले. ते उचलले, चौथा गळला. ठेवून दिलं.
स्वेटर जाऊबाईंचा. घरात सगळ्यांना विणलं, त्यांना एकट्यांना नाही. पस्तीस वर्षं म्हणत आल्या, "कान्व्हेंटवाली बसली काड्या हालवत." यंदा दसऱ्याला भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता: "मले बी एक करून दे ना व शालू. रोहिणखेडले लय थंडी लागते."
आता नाही कसं म्हणू? म्हणायचंही नाही.

१२ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, सांध्याची झीज, विणकाम बंद करा. किती दिवस, विचारलं. नुसते हसले.
हे फाटकाशी: "वहिनींना बाजारातून एक आणू. लेबल काढून देऊ." मी फाटक आपटून आत गेले.
लेकीचा, ऋचाचा, पुण्याहून फोन. बांबूच्या सुया हलक्या असतात म्हणे, हाताला त्रास कमी. मागवते म्हणाली, नंबर सांग. सांगितला. दहा.

१८ नोव्हें.
पार्सल आलं. करंगळीएवढ्या जाड सुया! हे म्हणाले, "ताक घुसळायला बऱ्या आहेत."
ऋचा: "आई, दहा म्हणजे दहा मिलिमीटर."
"अगं, दहा नंबर म्हणजे बारीक! आकडा मोठा, सुई बारीक."
"असं उलटं कुणी ठरवलं?"
"इंग्रजांनी."
"मग त्यांच्याकडेच माग."
कार्टी.
शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी पहिल्या दिवशी हेच पाठ करून घेतलं होतं. मागे उभ्या राहून माझे दोन्ही हात त्यांच्या हातांत घ्यायच्या, साबणाचा वास यायचा. हात इतके थंड आणि मऊ की टाका पडला तरी वाटायचं, अजून थोडा वेळ चुकावं. आता ते आकडेही बदलले. कुणी विचारलं नाही आम्हाला.

२३ नोव्हें.
नांदुऱ्याला लग्न. अक्षता पडल्याबरोबर सटकले, लोकरीच्या दुकानात. पूर्वी काउंटरवर काचेच्या बरणीत सुया उभ्या असायच्या. आता केसांचे बो आणि लेस. "आता कोन विनते मावशी?" म्हणत दुकानदाराने खालच्या खणातून गुलाबी प्लास्टिकच्या एक जोडी काढली. मापाने बरोबर. घेतली.
चार ओळींत वाकल्या. उन्हात ठेवल्या तर आणखीच. फेकल्या.

२९ नोव्हें.
रोहिणखेड. जाऊबाईंना अंगठ्याचं सांगितलं नाही, लाकडी सुया हव्यात एवढंच. त्यांनी थेट रशीदभाईंकडे नेलं. ते सुतार, बाजेचे पाय, लाटणी करतात. माझी स्टीलची सुई दोन बोटांत धरून म्हणाले, "इतकी बारीक? भाभी, हे तं दात कोरायची काडी झाली!"
जाऊबाई: "नीट कर रशीद. कान्व्हेंटची हाय ते."
खरादावर लाकूड फिरवून बघितलं, पण सुई टिकेना, मोडली. मग बांबू चिरून हाताने तासायला बसले. पहिली जोडी खडबडीत, लोकर अडकते. दुसरीची टोकं बोथट. तिसरी मात्र... हातात घेतली आणि वजनच लागेना. तिथेच विणायला घेतलं. इतक्यात आठवून रशीदभाई म्हणाले, गुळगुळीत व्हावी म्हणून गोडेतेल चोळलंय.
लिंबूरंगाची लोकर. चांगला चार बोटांचा डाग.

३ डिसें.
चार इंच उसवले. सुया साबणाने धुऊन तीन दिवस वाळवल्या. आता ठीक. उबदार, टाका घसरत नाही, टोकही बेताचं. सहा ओळी होतात. सातवीला अंगठा ठणकतो आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन बसावं लागतं. म्हणजे सुया सापडल्या तर हात राहिला नाही. या वेगाने होळीला होईल. होळीनंतर रोहिणखेडला स्वेटर घालून काय पापड वाळवायचे?

८ डिसें.
जाऊबाई आल्या, डोळे तपासायला. अंगठ्याला पट्टी बघितली.
"हे काय व? काऊन नाई सांगितलं?"
"काही नाही, जरा..."
"दे इकडं."
"तुम्हाला येत नाही बाई."
"तू शिकव ना मंग."
दोन तास. विळा धरावा तशी सुई धरतात. टाका इतका घट्ट की सुई आत शिरताना कुरकुरते. सैल सोडा म्हटलं तर, "सैल सोडला तं वारा शिरते." मी तीनदा ओरडले. त्यांनी सहा वेळा. हे उठून फिरायला गेले.
अकरा ओळी केल्या. हात जराही दुखला नाही म्हणे. ती जोडी जणू त्यांच्याच मापाची.
सुपारी कातरताना सहज बोलल्या, "मले तवाच शिकायचं होतं. पन तू इंग्रजीत मोजत होती."
निट, पर्ल, निट, पर्ल, म्हणजे सुलट, उलट. खरंच मोजत होते. ओठांत, तेही त्या समोर बसलेल्या असताना. मला वाटायचं, त्यांना हसू येतंय.

९ डिसें.
उजेडात बघितलं. माझ्या विणीवर त्यांच्या अकरा ओळी बांध घातल्यासारख्या उठून दिसतात. तिथे पाठ आत ओढली जाणार. उसवायलाच हवं, एक धागा ओढला की मिनिटाचं काम.
त्या आंघोळीला गेल्या तेव्हा सुई काढायला हात घातला होता. आतून आवाज आला, "शालू, हात नको लावू. म्या सारे टाके मोजून ठेवले."
"किती आहेत?"
"एकशे नऊ."
मी घातले होते एकशे दहा. एक कुठे गेला, अर्धा तास शोधते आहे. धागा ओढलेला नाही, सुई अजून तशीच आहे त्यात.