मला बाहेर बसवलंत तेव्हा

प्रिय ताई,

अक्षर लागलं नाही तर चष्मा पुसून पुन्हा बघ, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. माझ्या हातात पेन धड राहत नाही, त्याला मी काय करू. पाकीट मुद्दाम तुझ्या शेजारणीच्या पत्त्यावर पाठवलंय, ती ते तुझ्याच हातात देईल. फोन केले होते, पण दर वेळी तुझी सून उचलते आणि आई आत्ताच झोपल्यात म्हणते. सकाळीही झोपल्यात, संध्याकाळीही झोपल्यात. तू जन्मात कधी दुपारी आडवी झाली नाहीस. आपलं बोलणं बंद आहे म्हणून तूच टाळतेस असं मला आधी वाटलं होतं. असो. तिथे येतेच मी.

वर्ष होत आलं आपण भांडलो त्याला. तेव्हा मी फोनवर नुसती ओरडत होते, सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज सगळं सावकाश लिहिते. छातीतली गाठ काढली तेव्हा तू माझ्या उशाशी होतीस. साधी गाठ होती, पुन्हा होऊ नये म्हणून आता ताकदीचं सलाईन घ्यायचं, असं तू सांगितलंस आणि ह्यांनी शेजारी उभं राहून मान हलवली. ह्यांचं सोड, लग्न झाल्यापासून ते मान हलवतातच. पण तू सांगितलंस म्हणून मी ते खरं धरलं. आई गेल्यापासून तू सांगशील ते खरं, हे आपल्या घरात ठरलेलंच होतं.

दर आठवड्याला आपण जायचो. त्या बंद दारासमोरच्या बाकावर मला बसवून तुम्ही दोघं आत जायचात. पेशंटला कशाला उगाच आत, गर्दी होते, म्हणायचीस. दारावर डॉक्टरांच्या नावाखाली काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं, ते मी किती वेळा वाचलं असेन, पण अर्थ कधी विचारला नाही. मग आतल्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून सलाईन. केस गेले तेव्हा तू म्हणालीस, औषध उष्ण पडतं. मी हो म्हटलं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते ताई. मनात पाल चुकचुकत होती. पण तू इतक्या निर्धास्त चेहऱ्याने माझ्या पायांना तेल चोळत बसायचीस की विचारायला तोंड उघडायचं नाही.

मग बोटं गेली. आधी टोकांना मुंग्या, मग हातमोजे घातल्यासारखं. चहाचा कप गरम आहे की गार ते कळेना. मी तुला सांगितलं, आठवतं? एकदा नाही, दर आठवड्याला सांगितलं. डॉक्टरांच्या कानावर घाल म्हटलं. तू म्हणालीस, अशक्तपणा आहे, बदाम खा. मी बदाम खाल्ले. रफू करणाऱ्या बाईची बोटं बधिर झाली आणि ती बदाम खात बसली.

तू तापाने घरी राहिलीस तो आठवडा. हे खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभे होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शिक्षिका होती, जाडजूड, हसरी, डोक्याला लाल रुमाल. तिने सहज विचारलं, तुमच्या किती केमो झाल्या? मी म्हटलं, मला केमो नाही, मला ताकदीचं सलाईन आहे. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं आणि ती म्हणाली, बाई, ह्या हॉलमध्ये ताकदीचं कुणालाच देत नाहीत हो.

दुसऱ्या दिवशी ह्यांना माझ्या रफूच्या दुकानात जाते म्हणून सांगितलं आणि बसने दवाखान्यात गेले. आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे, कारण मला वाटत होतं की मोठे डॉक्टर तेच. त्यांनी टाका बघितला, छान भरलाय म्हणाले. मला काय झालंय विचारलं तर चमकून बघायला लागले. म्हणाले, कॅन्सरची गाठ मी काढली, माझं काम झालं; आता औषधाचं सगळं मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच्या हातात आहे, त्यांना विचारा. कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर मोठ्याने उच्चारला. आणि हे औषधवाले डॉक्टर कुठे बसतात म्हणून शोधत गेले तर तेच दार, तोच बाक.

ह्या वेळी मी आत गेले. डॉक्टर ठेंगणेसे, सर्दीने बेजार, टेबलावर अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मी नाव सांगितलं, तर त्यांनी माझ्या पाठीमागे बघितलं, तुमच्याबरोबर कोणी नाही? मी म्हटलं, मी आहे की. मग ते म्हणाले, तुमच्या बहिणीने सांगितलं होतं की तुम्हाला काहीही ऐकायचं नाही, तुम्ही स्वतःच तसं म्हणालात. ताई, मी असं कधी म्हणाले गं? माझ्या तोंडी तू ते वाक्य घातलंस कसं?

मी विचारलं, सर्जननी गाठ काढली, मग तुमचं काम काय? त्यांनी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने माणूस काढला, वेडावाकडा. म्हणाले, सर्जन इथली गाठ काढतो. रेडिएशनवाले एका जागी किरण देतात. पण एखादी पेशी निसटून दुसरीकडे गेली असेल तर तिला गाठायला औषध रक्तातून अंगभर फिरवावं लागतं, ते मी करतो. कुठलं औषध, किती, किती दिवस, कधी बदलायचं, कधी थांबायचं, हे मी बघतो. अंगभर फिरणारं औषध आहे, तर अंगात काय होतंय ते मला कळायला नको? ते कोण सांगणार, तुमची बहीण? मी माझी बोटं पुढे केली. त्यांनी ती एकेक दाबून बघितली, पेनाचं टोक टोचून बघितलं. मग म्हणाले, पहिल्या मुंग्या आल्या तेव्हाच कळलं असतं तर मी डोस कमी केला असता, दुसरं औषध दिलं असतं. आता हे भरून येईलही, कदाचित नाही येणार. मी तुम्हाला स्वतः विचारायला हवं होतं, हेही म्हणाले. मी ठीक आहे म्हटलं नाही. त्यांचंही चुकलंच होतं.

त्या दिवसापासून त्या दारातून मी आत जाते. औषध बदललं, उरलेला कोर्स संपला, आता तपासणीला जायचं असतं. सध्या बरी आहे. पण मागे एका गिऱ्हाइकाचा लग्नातला कोट आला होता, कोपराला कसर लागलेला. तासभर खपले. गिऱ्हाईकच ओरडलं, बाई, रक्त! सुई बोटात रुतली होती आणि अस्तरावर हा एवढा डाग. मला कळलंच नाही. कोट परत केला, आणि त्या महिन्यात दुकानाची जागा चाव्या बनवणाऱ्याला देऊन टाकली.

तू फोनवर म्हणालीस, तुझ्यासाठी मी रात्रीचा दिवस केला आणि वर मीच वाईट. केलास ताई, नाकबूल नाही. तुझ्या हातचं पातळ वरण सोडून माझ्या पोटात काही टिकत नव्हतं. तू माझी उलटी ओंजळीत झेललीस. आणि तूच माझ्या आजाराची मालकीण होऊन बसलीस. दोन्ही खरं आहे, आणि ते एकत्र गिळता येत नाही म्हणून मी वर्षभर, अगदी परवापर्यंत, तुला फोन केला नाही.

आता ऐक. रविवारी तुझा मुलगा माझ्याकडे आला होता. दारातच रडला. म्हणाला, मावशी, आईला भेटायला ये, पण काही बोलू नकोस, ती खचून जाईल. ताई, तुझ्या आतड्याला नुसती सूज नाही. त्या दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसली, तुकडा तपासला, कॅन्सर आहे. पुढच्या आठवड्यात तुला नेणार आहेत, आणि तुला काय सांगायचं ते त्यांचं आधीच ठरलंय. मुलावर चिडू नकोस, तो तुझ्याकडे बघूनच हे शिकलाय. ऑपरेशन आधी की औषध आधी, ह्या वयात झेपेल का, नाही घेतलं तर काय होईल, हे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना तू तुझ्या तोंडाने विचार. अंगात जे होईल ते त्यांनाच सांग, मला नको, सुनेला नको. काल पूर्ण दिवस मी ह्या कागदासमोर बसून होते. एकदा वाटलं, गप्प बसावं, तुलाही कळू दे कसं असतं ते. खोटं कशाला बोलू, वाटलं. मी तुला माफ केलेलं नाही, करीन असंही वाटत नाही. पण तुझ्या उशाशी बसून तुझ्याशी खोटं बोलणं माझ्याच्याने होणार नाही. बुधवारच्या गाडीने येते. भांडायचं असलं तर तेव्हा भांडू.

तुझीच,
धाकटी