दुःख नसलेली पोरं

३ मार्च, मंगळवार
आजपासून शाळेत ब्लूजची गाणी शिकवतोय. चौथीचा वर्ग. अख्ख्या मिसिसिपीत या कामाला माझ्याशिवाय कोण आहे? शिवाय गावच्या ब्लूज फेस्टिव्हलवाल्यांनी शब्द दिलाय, पोरं तयार केलीत तर यंदा संध्याकाळचं मोठं स्टेज. कित्येक वर्षं मला भर दुपारी उन्हात बसवतात. ठेल्यावरचे तळलेले मासे संपले की माणसंही संपतात. यंदा नाही.
पहिला तास उत्तम. माझं आयुष्य सांगितलं. अर्धंच झालं.

१० मार्च
पोरं चुळबुळी. सगळ्यांना गिटारला हात लावायचाय. आधी दुःख, मग गिटार, असं ठणकावलं. ब्लूज दुःखातून येतो. कियोना नावाची चुणचुणीत पोरगी म्हणाली, आजीकडे वायफाय नाही. याला दुःख म्हणतात? मग माझं सांगितलं: पहिली बायको माझा ट्रक घेऊन पळाली. तास संपला तरी ट्रक संपेना.
घरी व्हर्लीन, म्हणजे सध्याची बायको, म्हणाली, "अरे, ट्रक तिच्याच बापाचा होता ना?" तपशील!

१७ मार्च
जरा उशीर झाला. कलावंत आहे, कारकून नाही. वर्गाच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून झाडूला गुंडाळलेली तार सोडवून ताणली, वर बाटली सरकवून वाजवली. लहानपणी मी असाच शिकलो. पोरांनी रांग लावली. तार तुटली तर? कुणाला हात लावू दिला नाही.
वर्गशिक्षिका होलिन्सबाई म्हणाल्या, "मिस्टर रोझेल, पोरं वाजवणार कधी?" शिक्षकांना घाई फार.

२४ मार्च
पाठ दुखतेय. बहुतेक. गेलो नाही. फोनवर गृहपाठ दिला: मनात खुपतंय ते गा. एक ओळ, तीच पुन्हा, तिसरीत उत्तर.

२ एप्रिल
झोप नाही. उठतो, गिटार लावतो, पुन्हा आडवा होतो. पोरांनी गाणं रचलंय, मला दाखवत नाहीत. होलिन्सबाई तार वाजवायला देतात म्हणे. गाणं माझ्यावर आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. गहिवरून आलं.

११ एप्रिल, शनिवार, दुपार
फेस्टिव्हल. मोठं स्टेज द्यायच्या आधी दुपारच्या उन्हात पोरांची परीक्षा. पोरं पुढे, मी मागे गिटारवर. कियोनानं माइक धरला.

मंगळवार आला बाई, मंगळवार आला,
मंगळवार आला बाई, मंगळवार आला,
मिस्टर रोझेलच्या ट्रकखाली तास चिरडून गेला.

लोकांनी खाणं सोडलं. पहिल्यांदाच. पुढचं कडवं:

तार दाखवली भिंतीवरती, लावू देईना हात,
तार दाखवली भिंतीवरती, लावू देईना हात,
थांबून थांबून पडून गेले आमचे दुधाचे दात.

व्हर्लीन खुर्चीवर चढून ओरडत होती, "सांग गं पोरी, सगळं सांग!" मी तिथेच थांबायला हवं होतं. बोटं थांबेनात. पोरांचा ताल पक्का होता. लाज वाटत होती, आणि छाती फुगतही होती.

त्याच दिवशी, सहा वाजता
फेस्टिव्हलवाले धावत आले. मोठं स्टेज! पोरांना. मी विचारलं, आणि मी? "म्हणजे काय! तुम्ही तर हवेतच. मागे खुर्ची टाकलीय."
स्टेजवर चढताना कियोना कानाशी आली. "मिस्टर रोझेल, आज काही सांगू नका हं. नुसतं वाजवा."
नुसतं वाजवलं.