चारशे सदतीस

३ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीची उपग्रहावर चालणारी दिशापेटी काल माझी लाँच खडकावर घालून मोकळी झाली. अडतीस उतारू दुसऱ्या लाँचनं काढले, सगळे धडधाकट आहेत. तळाला मात्र हातभर भगदाड पडलं. पडद्यावर खडक साठ-सत्तर मीटर लांब दिसत होता आणि धुक्यात मी त्यावर विसंबलो. आत तीन मेमरी चिप आहेत, एक चुकली तर बाकीच्या दोघी तिला गप्प बसवतात, असं तू ऐटीत सांगितलं होतंस. तिन्ही शुंभ निघाल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या! पुढच्या शुक्रवारी चौकशी आहे. तीस वर्षांत माझ्या लाँचला ओरखडा नाही. मी पेटीचंच नाव घेणार.

लोभ आहेच, तो वाढावा असं पेटीनं काही केलेलं नाही.

दादा

६ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

उतारू सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. पुढचं वाचून हसू आलं. नाचता येईना अंगण वाकडं! एखाद्या चिपमधला आकडा बिघडला तरच बाकीच्या दोघी तो सुधारतात. इथे बिघडलं काहीच नव्हतं. पेटीत भरायला तू मला चिठ्ठीत पाठवलेली खडकाची जागा तिघींनी इमानेइतबारे जपली. शेवटचे आकडे चारशे सदतीस हवेत. तू लिहिलेस ४७३. पुटपुटत लिहितोस ना, 'सदतीस' म्हणताना सात आधी येतो, तो आधीच उतरला. पाढ्यांच्या वहीतही हेच करायचास, आणि तुझं पाहून लिहिलं म्हणून मार मी खायची.

नियमानं लाँचचालकानं लिहून दिलेल्या आकड्यांची जबाबदारी त्याचीच. तरी इतरांचे मी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते. तुझे नाही घेतले. दादा चुकतो कुठे! आता साहेब विचारताहेत, आकडे कुणाचे. चिठ्ठी दाखवली तर तुझा परवाना जाईल, नाही दाखवली तर माझी नोकरी. मला भीती वाटते आहे. काय करू, तूच सांग.

राग गिळून लोभ असू दे.

धाकटी

१२ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

काल चौकशीत चूक माझी, असं सांगितलं. सगळे हसले, बहिणीला पाठीशी घालतोय म्हणाले. समोर पाच शहाणे. त्यातल्या एकालाही लाँचचं पुढचं टोक कुठलं तेही सांगता आलं नसतं. त्यांनी कागद सरकवला आणि चारशे सदतीस लिहायला लावलं. मी सावकाश, पुटपुटत लिहिलं. ४७३. मुद्दाम नाही गं. मग कुणी हसलं नाही.

परवाना वर्षभर बंद. चिठ्ठी साहेबांना देऊन टाक. माझ्यावर एवढा विश्वास पुन्हा ठेवू नकोस, लोभ मात्र ठेव.

दादा